हातात ज्वारी

यज्ञेश्वर मास्तरांना भाषण लिहायला कधीच वेळ लागत नसे. ऐकणारेच टिकत नसत. गेल्या वर्षी काष्टीच्या शाळेपुढे साक्षरतेवर सभा झाली, तेव्हा मास्तरांची प्रस्तावना संपेपर्यंत लोक बाजारात पांगले होते आणि शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब सतरंज्यांपुढे बोलले. जाताना साहेब म्हणाले होते, "पुढच्या खेपेला हेच दिसलं, तर तुमची जामखेडला बदली."

पुढची खेप येत्या शनिवारी होती.

मास्तरांपेक्षा त्यांच्या पत्नीला, इंदूला, त्याचा घोर जास्त. पहाटे स्नान करून ओलेत्याने देवपूजा करायची हा तिचा नेम. काष्टीत पाणी दाराशी. जामखेडकडे प्यायलाच पाणी शेंदून शेंदून हात भरून येतात असं ऐकलेलं.

शुक्रवारी ती ओसरीवर जिवतीची कहाणी वाचत होती. समोर आळीतल्या बायका. गोजरबाईचं तान्हं पोर पाळण्यात रडत होतं, तरी ती उठली नाही. मास्तर आतून बघत होते. बायका गेल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, ती उठली का नाही?"

"हातात अक्षता होत्या ना. कहाणी पुरी झाल्याशिवाय कसं उठायचं?"

मास्तरांनी लिहिलेलं भाषण घडी करून ठेवलं. "उद्या सभेत सगळ्यांच्या हातात अक्षता द्यायच्या."

"अहो, रेशनच्या दिवसांत एवढे तांदूळ कुठले?"

"ज्वारी चालेल. कुंकू लाव म्हणजे झालं."

इंदूला ते बरं वाटलं नाही; पण जामखेड डोळ्यांपुढे आलं. ती हळूच म्हणाली, "मग शेवटी सुफळ संपूर्ण म्हणायला विसरू नका. देवाधर्माचं आहे."

"ते बघू," मास्तर म्हणाले.

शनिवारी बाजाराच्या गर्दीतून माणसं सभेला आली, तशी गोजरबाई कुंकू लावलेल्या ज्वारीचं सूप घेऊन वाटेत उभी राहिली. "मास्तरांची कहानी हाय. मुठीत धरा. संपूर्ण म्हंत्याल तवा उठायचं."

"आन् आदीच उठलं तर?" बैल विकायला आलेल्या कारभारीने विचारलं.

"उठून बघा की. मी कशाला वंगाळ बोलू?"

कारभारी मूठ आवळून बसला.

मास्तर बोलले. कोणी हललं नाही. मास्तरांना इतका हुरूप आला, की खतांच्या पावत्या न वाचता अंगठा उठवल्याने कसं नुकसान होतं तेही त्यांनी सांगितलं, आणि त्याच भरात "धन्यवाद" म्हणून खाली बसले. बायकांच्या बाजूला बसलेल्या इंदूने कपाळाला हात लावला.

मग डेप्युटीसाहेब उठले. दहा वाक्यांचं बोलून बैलगाडीत बसायचा त्यांचा बेत होता. ते झालं. लोक बसलेलेच. साहेबांनी घसा साफ केला आणि आणखी बोलले. लोक बसलेलेच. साहेबांचा चेहरा उजळला. ते आपल्या बालपणावर आले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "कारभारी, तुझा बैल सुटला रं."

"तूच धर बाबा," कारभारी जागेवरूनच म्हणाला. "हितं अजून संपूर्ण व्हायाचंय."

"ऐकलंत?" साहेब गहिवरून म्हणाले. "केवढी ही ज्ञानाची ओढ."

"आरं, त्यो भाजीत शिरलाय."

"खाऊ दे. घरातली माणसं जपाय पायजेत का भाजी?"

साहेब मामांच्या गावी पोचले. दिवस कलला. गोजरबाई पुटपुटली, "लई लांबची कहानी हाय बया. आजून देवच न्हाई आला हिच्यात." शेवटी इंदूने पदर सावरला आणि नवऱ्याकडे बघून नुसते ओठ हलवले: संपूर्ण.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेब पाणी प्यायला थांबले, तसे ते उठून म्हणाले, "साहेबांचं भाषण सुफळ संपूर्ण."

सगळी सभा एकदम उभी राहिली. पण अक्षता वाहायच्या कुठं? समोर देव नव्हता. साहेब होते. एकेकाने पुढे होऊन साहेबांच्या बुटांवर ज्वारी वाहिली, नमस्कार केला आणि बाजाराकडे धूम ठोकली. कारभारी सगळ्यांच्या पुढे होता.

साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. बुटांवरचं धान्य त्यांनी झटकलंसुद्धा नाही.

"मास्तर, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं."

मास्तरांनी सुखाने मान खाली घातली.

"जामखेड तालुक्यात आमच्या सभेला कुत्रं थांबत नाही. तिथं तुमच्यासारखाच माणूस पाहिजे. बढती देऊन पाठवतो. सोमवारी हुकूम काढतो."

 घरी जाताना इंदूने विचारलं, "ज्वारी इथूनच न्यायची, का तिकडं मिळते?"

"मिळते की. तिकडंही ज्वारीच पिकते."

"मग दोर तेवढा लांब घ्या," इंदू म्हणाली. "विहिरीचा."