कानाने भाजलेली कॉफी

एक्झॉस्ट फॅन. लावला की ओट्यावर विमान उतरतं.

सासूबाईंची नखं.

पिशवीभर हिरवे दाणे. वास ओल्या गवताचा.

बेडरूमचं बंद दार.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो जोडला आमच्या मेकॅनिकने!

हा गडी बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड सांगतो. गॅरेजमध्ये लोक त्याच्या कानाला मान देतात. घरी बायको तोच कान पिरगळते. कॉफी घरी भाजता येते हे त्याला नुकतंच कळलं होतं. आणि हेही, की दाणे डोळ्यांनी नाही, कानाने भाजायचे. तापले की ते तडतडतात. पहिली तडतड झाली, की जरा थांबून उतरवायचे. जास्त थांबलात, तर कोळसा!

"कान म्हणजे मीच की!" तो म्हणाला. "फक्त घरात शांतता पाहिजे."

ती मिळाली थेट बायकोच्या ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी. तिची कंपनी बंद पडली होती. मागची नोकरी हातातोंडाशी येऊन गेली, कारण ती पगाराचं बोलत असताना यानं मिक्सर लावला. आज दुसरी संधी होती, आणि तिसरी कुठे दिसत नव्हती.

"आज टाचणी जरी पडली ना, तर बघ," लॅपटॉप घेऊन आत जाताना ती म्हणाली.

"पडलीच तर झेलीन!"

"विनोद नको. ही गेली तर मी तुझ्या गॅरेजात येऊन बसेन. रोज. तुझ्या शेजारी."

मेकॅनिकला घाम फुटला.

पण दार लागलं आणि घर असं चिडीचूप झालं, की त्याच्या डोक्यात दिवा पेटला. एवढी शांतता पुन्हा कधी? ती बाहेर येईल तेव्हा पुढ्यात घरच्या कॉफीचा कप! मिक्सरचं पाप धुऊन निघेल!

लोखंडी कढई गॅसवर चढली. दाणे पडले. उलथनं मुद्दाम लाकडी. दाणे पिवळे झाले, मग तांबूस. सालं सुटून भुसा उडू लागला. धुराची बारीक रेघ वर गेली. त्याने श्वास रोखला.

टक्.

टक्. टक्.

हॅ! तो मनात हसला. हे तर नेलकटर! मागे खुर्चीत सासूबाई नखं कापत बसल्या होत्या. दुसरा कुणी फसला असता. पण हा कान!

टक् टक् टक् टक्.

किती नखं आहेत या बाईंना?

त्याने वळून पाहिलं. नेलकटर टेबलावर. सासूबाई हात मांडीवर ठेवून डुलक्या घेत होत्या.

कढईत काळाकुट्ट अंधार आणि वर धुराचा खांब!

गॅस बंद. पण दाणे आपल्या तापानेच भाजत राहिले. फॅन? विमान! खिडकी? ती उघडताना शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळते. धूर सरळ बेडरूमच्या दाराकडे निघाला, जणू त्यालाही मुलाखतीला बोलावलं होतं. राहिली बाल्कनी. तिचं दार उघडंच होतं. दोन फडक्यांत कढई धरून, चवड्यांवर चालत तो बाहेर सटकला.

सासूबाईंना ऐकू कमी येतं. ती कसर नाक भरून काढतं. त्या दचकून उठल्या. धूर दिसला, जावई दिसला, तोंड उघडलं.

"जाव—"

हात कढई धरण्यात अडकलेले! याने डोळे वटारले, ओठांचा चंबू केला, जिवाच्या आकांताने मान हलवली. जावईबापूंची वाचाच बसली, असं सासूबाईंनी समजून घेतलं. त्या धावल्या आणि फरशी पुसायची बादली घेऊन आल्या. तो मान हलवून ‘नको, नको’ सांगत होता. त्यांना ते ‘लवकर, लवकर’ वाटलं.

छर्रर्रर्र!

वाफेचा ढग. ढगात नखशिखांत भिजलेला मेकॅनिक. केसांत दाणे. पण हूं नाही की चूं नाही! सासूबाईंचीही नाही. एवढा मोठा अपघात एवढ्या मुकाट्याने जगात कुठेच झाला नसेल. तो छाती फुगवून वळला.

समोर काच होती. बाल्कनी स्वयंपाकघराला आणि बेडरूमला मिळून एकच! काचेपलीकडे बायकोची पाठ, पाठीपलीकडे लॅपटॉप, आणि लॅपटॉपमधून तीन माणसं चष्मे सावरून याच्याकडे बघत होती.

बायको बाहेर आली तेव्हा तो ठिबकत उभा होता.

"आवाज आला?" त्याने हळूच विचारलं.

"अजिबात नाही."

"मग?"

"ते म्हणाले, मॅडम, जरा मागे बघा. या गृहस्थांनी भरपाई मागितली तर काय कराल?"

नोकरी विमा कंपनीतली होती. आगीचे दावे तपासायची.

"मग तू?"

"बघितलं. म्हटलं, नामंजूर."

"अगं, पण माझी बाजू तरी ऐकायची!"

"तेही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. सोमवारपासून या म्हणाले."

"जावईबापू!" सासूबाई सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडल्या. "आता बोलता येतंय ना?"

भाजलेले दाणे निदान दिवसभर मुरू द्यावे लागतात; त्यांची कॉफी लगेच करत नाहीत, हे त्याला अजून कळायचंच होतं.