समुद्रातली चूल

माणूस खोटं बोलतो, नकाशा बोलत नाही. हे ज्ञान देवबागच्या गोदूबाईला पंचाहत्तरीत झालं. (ज्ञानाला वय नसतं, छपराला असतं.)

वादळाने तिच्या स्वयंपाकघराची कौलं उडवली. ती परत घालायला परवानगी हवी होती. (किनाऱ्यावर कौलं काढायला वादळाला परवानगी लागत नाही, घालायला माणसाला लागते.) पूर्वी साहेब जागा बघायला यायचे. आता कचेरीतच संगणकावर नकाशा उघडतात, हव्या त्या जागेवर टिचकी मारतात, आणि नकाशावर एकावर एक चढवलेले माहितीचे सगळे थर तिथलं जे असेल ते ओकतात. केवढी सोय झाली!

कचेरीतल्या सिद्धेशने आधी पडवीवर टिचकी मारली. जमीन. छप्पर दुरुस्तीस हरकत नाही. पडवीचं छप्पर धडधाकट होतं, तरी गोदूबाईला बरं वाटलं. मग टिचकी स्वयंपाकघरावर. जमीन वापर: समुद्र. खोली: चार फूट. मासळी: मध्यम.

"मरांदे तुझो समुद्र! माझी चूल पाण्यात पेटता काय रे?"

"आजी, चुलीचा थर अजून चढवलेला नाही," सिद्धेश अदबीने म्हणाला. त्याच स्वयंपाकघरात त्याने पेडवे मासळीचं तिखलं बोटं चाटून खाल्लं होतं. पण सरकारी कामात जिभेची साक्ष चालत नाही. त्याने मार्गही सुचवला: समुद्रात छप्पर हवं तर होडी म्हणून नोंदणी करावी, नांगर दाखवावा.

"घराक नांगर? खंय पळान जातला ता?"

शेवटी तिने प्रत्यक्ष पाहणी मागितली, आणि ती तातडीने, म्हणजे ऐन आषाढात झाली. तोवर पाऊस थेट चुलीत उतरत होता. टोप तरंगत होते. साहेब पडवीत, म्हणजे जमिनीवर, उभे राहिले आणि आत डोकावले. अहवाल आला: 'जागेवर पाणी आढळले. नकाशा अचूक.' गोदूबाई पदर तोंडाला लावून रडली. सासूच्या हातची चूल होती ती.

हसताय? हसा. गेल्या मे महिन्यात तिच्याच अंगणात गाडी थांबवून, "मावशी, पुढे रस्ता आहे ना?" असं तुम्हीच विचारलं होतंत. "नाय रे बाबा, फुडे दर्या," ती म्हणाली. तुम्ही मोबाइलकडे पाहिलंत आणि गाडी पुढे घातलीत. वाळूत रुतलेली ती गाडी ओढायला दोर तिनेच दिला होता. तो तेवढा परत केला असतात, तर चुलीवर निदान ताडपत्री बांधता आली असती.