चेरीवरची भोरडी

शनिवारी सकाळी डॉक्टर पद्माकर जहागीरदार आपल्याच बागेत, कंपोस्टच्या ढिगामागे, ड्रेसिंग गाउनमध्ये पालथे पडले होते. समोर तिकाटण्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स आणि लेन्सच्या रोखात कुंपणातलं एक भोक. त्या भोकातून रोज एक काटेरी हेजहॉग येतो, असं त्यांच्या मुलीने, मीनलने सांगितलं होतं. ती "रात्री" असंही म्हणाली होती, पण तेवढा शब्द डॉक्टरांनी ऐकला नव्हता.

त्यांची बायको वैजयंती स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत पोह्यांना कांदा चिरत होती. डॉक्टर बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. आठवडाभर माणसांना झोपवायचं आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून जनावरांच्या मागे पळायचं, असा त्यांचा पाच वर्षांचा क्रम होता. वूस्टरशरमधल्या या खेड्यात राहायला आल्यापासून ते इथल्या निसर्ग मंडळाचे सभासद होते. मंडळाचं दर ऑगस्टमध्ये गावच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरे आणि दरवर्षी डॉक्टर तीन फोटो देत. आतापर्यंत त्यांनी बॅजरचा मागचा पाय, हरणाने नुकतीच सोडलेली जागा आणि एक अप्रतिम ससा टिपला होता. ससा पुढे दगड निघाला. मंडळाचे चिटणीस मिस्टर ब्लॉक्सम प्रत्येक फोटो लांब धरून "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणत. इंग्लंडमध्ये बावीस वर्षं काढल्यावर डॉक्टरांना त्याचा अर्थ बरोबर कळत होता. भिंतीवर त्यांचा एकही फोटो कधी लागला नव्हता.

१९८९ सालचा तो जून कोरडा आणि लख्ख होता. बागेतल्या चेरीला पहिल्यांदाच भरघोस फळ धरलं होतं. वैजयंतीने मुरांब्यासाठी बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या आणि आठवडाभर ती ब्लॅकबर्ड नावाच्या काळ्या चोरांना हाकलत होती. आताही शेंडा हलला म्हणून तिने वर पाहिलं आणि खिडकी उघडली.

"अहो! ती भोरडी आलीय बघा चेरीवर."

"कोण गोर्डी?" ढिगामागून आवाज आला.

"भोरडी हो! गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची. आमच्याकडे ज्वारीवर यायच्या ना, तसली."

डॉक्टर पुण्यात वाढलेले. त्यांना कावळा, चिमणी आणि पारवा एवढेच पक्षी मराठीत येत. तरी त्यांनी लेन्स वळवली, दोनदा खटखट केलं आणि मग आत येऊन पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"वैजू, हीच का?"

"हीच. सांगतेय काय मग?"

"रोझ-कलर्ड स्टार्लिंग," डॉक्टरांनी वाचलं. "अतिशय दुर्मीळ. उन्हाळ्यात क्वचित एखादा चुकार पक्षी."

"भोरडी? दुर्मीळ?" वैजयंतीला इतकं हसू आलं की कांद्याचं पाणी आणि हसण्याचं पाणी एकच झालं.

डॉक्टरांनी फक्त खात्री करायला म्हणून ब्लॉक्समना फोन लावला. ब्लॉक्सम हे निवृत्त पोस्टमास्तर. फोन ठेवल्यावर सहाव्या मिनिटाला त्यांची सायकल फाटकावर आदळली. त्यांनी पुलओव्हर उलटा घातला होता. त्यांनी दुर्बीण लावली, पाहिलं आणि दुर्बीण खाली घेऊन नाक पुसलं.

"मिसेस जहागीरदार," ते म्हणाले, "मी एकसष्ट वर्षांचा आहे. ह्या पक्ष्याची मी एकसष्ट वर्षं वाट पाहिली. आपला फोन वापरू का? एकच कॉल."

कॉल खरोखरच एक होता. पण त्या एकाने दोघांना कळवलं, दोघांनी चौघांना. दहा वाजता गल्लीत तीन गाड्या होत्या. अकराला दूधवाल्याला गाडी मागे घ्यावी लागली. बारा वाजता जहागीरदारांच्या हिरवळीवर हिरवी जाकिटं घातलेले चाळीस पुरुष आगपेटीतल्या काड्यांसारखे उभे होते. प्रत्येकाने आत येताना परवानगी मागितली होती, प्रत्येकाने पायपुसण्यावर बूट पुसले होते आणि एकानेही गुलाबाची फांदी मोडली नव्हती. बोलत कोणीच नव्हतं. फक्त भोरडी दहा वाजताच उडून गेली होती.

"येईल," ब्लॉक्सम कुजबुजले.

"येईल," डॉक्टर कुजबुजले. त्यांनी ड्रेसिंग गाउन अजून बदलला नव्हता. आपण बाजूला गेलो आणि नेमकी तेव्हाच आली तर, ही भीती.

दारात आलेल्या चाळीस माणसांना उपाशी कसं ठेवायचं, हा प्रश्न मात्र वैजयंतीचा होता. आधी चहा झाला. मग सगळ्या शेजाऱ्यांकडून कप आणून दुसरा चहा झाला. मग पोहे झाले. इंग्रज पाहुण्यांनी ते चमच्यात घेऊन हुंगून, चाखून, बशा स्वच्छ करून परत दिल्या आणि "दिस इज रॅदर गुड" असं झाडाकडे बघतच सांगितलं. पंधरा वर्षांची मीनल आत-बाहेर करत होती. तिचं मराठी इथेच जन्मलं होतं आणि त्याला लिंगाचा त्रास होता.

"आई, दूध संपला. आणि टॉयलेटला एवढा मोठा क्यू झाली आहे!"

"आता मसालेभात टाकते. तू वाटाणे सोल."

"आई, हे लोकं एका बर्डसाठी आला आहे? सीरियसली?"

"एका भोरडीसाठी," वैजयंती म्हणाली. सकाळपासून तिला हा शब्द मोठ्याने म्हणायला गंमत वाटत होती.

चार वाजले. फाटकाशी एक धुळकट गाडी थांबली आणि तिच्यातून एक उंच, लाल दाढीचा माणूस बाहेर पडला. तो स्कॉटलंडहून आठ तास गाडी हाकत आला होता. त्याने पाय मोकळे केले, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि हळूच विचारलं, "अजून आहे?"

आणि त्याच क्षणी भोरडी आली.

ती थेट चेरीच्या शेंड्यावर बसली. उन्हात तिचं गुलाबी अंग झळकलं. चाळीस माणसांनी एकदम श्वास आत घेतला. चाळीस लेन्स वर उठायला लागल्या. डॉक्टर तेवढे गवतावर बसून रोल बदलत होते, कारण आधीचा रोल त्यांनी कंटाळून रिकाम्या झाडावरच संपवला होता.

नेमकी याच वेळी वैजयंती मसालेभाताचं रिकामं पातेलं आणि डाव घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. ती नळाकडे निघाली होती. तिने मान वर केली. तिला माणसं दिसली नाहीत, कॅमेरे दिसले नाहीत. दिसली ती तिच्या झाडावर बसून तिची पिकलेली चेरी चोचीत धरलेली भोरडी. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, बार्शीजवळच्या वडिलांच्या शेतात, राखणीच्या माळ्यावर उभं राहून तिने जे केलं होतं ते तिच्या हातांनी तिला न विचारता केलं.

"हाऽऽऽ हुर्रऽऽऽ! हाऽऽ हुर्रऽऽ!"

डाव पातेल्यावर धाडधाड बडवला गेला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. एका माणसाचं तिकाटणं आडवं झालं. भोरडी चेरीसकट उडाली आणि कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली.

नंतर जी शांतता पसरली तिच्यात वैजयंतीला डावाची शेवटची थरथरही ऐकू आली. कोणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण ओरडलं कोणीच नाही. ब्लॉक्समनी टोपी काढली. लाल दाढीच्या माणसाची दुर्बीण डोळ्यांपर्यंत पोचली नव्हती. ती त्याने जपून परत छातीवर ठेवली.

"नेव्हर माइंड," तो म्हणाला.

वैजयंतीला वाटलं, या दोन शब्दांपेक्षा याने ते पातेलं आपल्या डोक्यात घातलं असतं तर परवडलं असतं.

"वैजू," डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांच्या हातातून अर्धवट भरलेला रोल पिसासारखा लोंबत होता. "वैजू, तू काय केलंस! आता या गावात मी तोंड कसं दाखवू?"

"मुद्दाम केलं का मी? हाताला सवय आहे!" तिचे डोळे भरून आले. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि कुंपणाकडे बघत राहिली. "ती लांब नाही गेली. पोट भरल्याशिवाय भोरडी मुलूख सोडत नाही. मीनल, माझे वेलिंग्टन बूट आण."

"आई, यू कान्ट बी सीरियस."

"आण म्हटलं ना."

वैजयंतीने साडी जरा वर खोचली, गुडघ्यापर्यंतचे हिरवे बूट चढवले आणि ब्लॉक्समना तिच्या सरळसोट इंग्रजीत विचारलं, "जवळपास गवत कोण कापतंय? आणि गाई कुठे चरताहेत?"

"प्रिचर्ड. ओढ्यापलीकडे. पण का?"

"गवत कापलं की नाकतोडे उडतात. गाई चालल्या की उडतात. भोरडीला फळ आवडतं, पण नाकतोडा त्याहून आवडतो. चला."

ती पुढे निघाली. मागे ब्लॉक्सम, त्यांच्यामागे ड्रेसिंग गाउनमधले डॉक्टर, मग लाल दाढी आणि मग एका ओळीत, चकार शब्द न काढता, चाळीस जण. फाटकाजवळ मिसेस प्रिचर्ड अंडी घेऊन येत होत्या. ही मिरवणूक बघून त्या तशाच मागे वळल्या.

"मिसेस जहागीरदार," चालता चालता ब्लॉक्समनी अदबीने विचारलं, "आपण लहानपणी हा पक्षी पुष्कळदा पाहिला असेल?"

"हो."

"एका वेळी साधारण किती?"

वैजयंतीने मनात हिशेब केला. उगाच फुगवून सांगायचा तिचा स्वभाव नव्हता. "चार हजार. कधी पाच. थवा आला की ऊन झाकलं जायचं."

ओळ थांबली. एक वयस्कर गृहस्थ कुंपणाच्या खांबाला टेकले. लाल दाढीने अगदी हळू विचारलं, "आणि मग आपण काय करत असा?"

"गोफणीने दगड मारत असू," वैजयंतीने खरं ते सांगितलं.

डॉक्टर मोठ्याने खोकले. "पुढे चला, पुढे चला," ते म्हणाले.

ओढा ओलांडला आणि प्रिचर्डचं कुरण दिसलं. अर्धं गवत कापून पडलं होतं, उरलेल्यात सात-आठ गाई चरत होत्या. गाईंच्या पायांत साध्या स्टार्लिंगांचा काळपट घोळका टुणटुणत होता. वैजयंतीने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. तिला दुर्बिणीची गरज लागली नाही.

"ती पांढऱ्या पायाची गाय," ती म्हणाली. "तिच्या डाव्या खुराशी."

चाळीस माणसं गवतात आडवी झाली. भोरडी नाकतोडा पकडत होती, आपटत होती, गिळत होती, आणि तिला जगात कशाची घाई नव्हती. कॅमेऱ्यांचा असा कडकडाट उठला की गाईंनी माना वर केल्या. लाल दाढीच्या माणसाने मात्र फोटो काढलाच नाही. तो दुर्बीण लावून उभा होता आणि त्याची दाढी ओली झाली होती. काही वेळाने तो वैजयंतीजवळ आला आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"नेव्हर माइंड," वैजयंती त्याला म्हणाली.

डॉक्टर कोपरांवर सरपटत सगळ्यांच्या पुढे गेले. वाटेतलं ताजं शेणही त्यांनी चुकवलं नाही. गाउनचा पुढचा भाग हिरवा झाला. पण त्यांच्या छत्तीस फोटोंतले पस्तीस नेहमीसारखे आले तरी एकात भोरडी चोचीपासून शेपटीपर्यंत आली होती, नाकतोड्यासकट. ऑगस्टमध्ये तो गावच्या हॉलमध्ये दाराजवळच्या भिंतीवर लागला. खाली ब्लॉक्समनी स्वतःच्या सुंदर पोस्टमास्तरी अक्षरात लिहिलं होतं, "फोटो: डॉ. प. जहागीरदार. पक्षी: मिसेस वै. जहागीरदार." डॉक्टर दिवसभर त्या फोटोशेजारी सहज उभे असल्यासारखे उभे होते.

वैजयंतीने त्याची एक प्रत आपल्या थोरल्या भावाला, श्रीकांतदादाला पाठवली. सोबत सगळी हकिगत सविस्तर लिहिली. लोक किती लांबून आले, सहा-सहा तास उन्हात कसे न हलता, न बोलता उभे राहिले, चहाखेरीज काही मागितलं नाही, सगळं. उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. दादाला फोटो आवडला नसावा असं धरून ती विसरूनही गेली.

जानेवारीच्या शेवटी, बाहेर बर्फ पडत असताना, दादाचं निळं पत्र आलं. तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं.

"चि. सौ. वैजूस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र व भाऊजींनी काढलेला फोटो वेळेवर पोचला. सर्वांनी पाहिला. भाऊजींना एवढे शिकून भोरडीचा फोटो का काढावासा वाटला, हे इकडे कोणाला उमगले नाही, परंतु फोटो स्वच्छ आहे. उत्तरास उशीर झाला, कारण ज्वारी हुरड्यावर आली असून यंदा भोरड्यांनी उच्छाद मांडला आहे. राखणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर उन्हात उभा राहत नाही, उभा राहिला तर झोपतो. तू लिहितेस तशी दिवसभर न हलता, न बोलता, भोरडीवर नजर ठेवून उभी राहणारी चाळीस माणसे तिकडे मोकळी असतील, तर त्यांस विचारून पाहावे. राहण्याजेवण्याची सोय आपल्याकडे होईल."

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. वैजयंतीही हसली. पण डॉक्टर गप्प झाल्यावर तिने पत्राची घडी घातली, कोट चढवला आणि ती दाराकडे निघाली.

"एवढ्या बर्फात कुठे चाललीस?"

"ब्लॉक्समकडे," ती म्हणाली. "विचारायला काय जातंय?"

ब्लॉक्समनी पत्राचा इंग्रजी मतलब एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला, आणि मग खुर्चीवरून उठत म्हणाले, "मिसेस जहागीरदार, आपला फोन वापरायची गरज नाही. माझा इथेच आहे."