नांव सांगा, मग काम सांगा

माझ्या बायकोच्या मामांनी आमच्या फ्रिजचं नाव अलमेलू ठेवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला ग्राइंडर म्हणजे भीमसेन, आणि गच्चीवरचा पाण्याचा पंप म्हणजे गजेंद्र. वस्तू बंद पडली की मेकॅनिकला बोलावण्याआधी मामा तिला नावानं हाक मारून समजावतात. गजेंद्र अशा समजावणीनंतर दोनदा सुरू झालेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे हसायचीही सोय उरलेली नाही.

मामा तंजावरच्या मराठी घराण्यातले. सारा जन्म चेन्नईजवळच्या आवडी गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये आणि लष्करी गाड्यांच्या कारखान्यात गेला. मामी गेल्यावर ते चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीला मुलाकडे, प्रसन्नाकडे, राहायला आले. मी सांगलीचा. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, त्यांच्या भाचीशी लग्न केलं आणि त्यांच्याच इमारतीत, बरोबर एक मजला खाली येऊन पडलो. मामांच्या मराठीतले शब्द पोथीतले आणि चाल तमिळ. पहिल्याच भेटीत त्यांनी "तुम्हीं कोठें वस्तीस असतां?" असं विचारलं, तेव्हा मी उगाचच पाय जवळ घेऊन बसलो होतो.

चेन्नईत कुणालाही हाक मारायला 'अण्णा', 'अक्का' आणि 'सार' एवढे तीन शब्द पुरतात. माझी बारा वर्षं त्यावरच निघाली. मामांना ते मुळीच चालत नाही. दारात कुणीही उभं राहिलं की त्यांचं एकच वाक्य, "नांव सांगा, मग काम सांगा." पार्सलवाला घाईत असला तरी त्याला आधी नाव सांगावं लागतं, आणि मामा ते तोंडभर उच्चारून बघतात. आम्हा सगळ्यांचा जो 'वॉचमन अण्णा', तो मामांचा दुरैराज. मे महिन्यात पाण्याचा टँकर सगळ्या कॉलनीला सोडून आमच्या इमारतीशी आधी थांबतो, कारण टँकरवाल्याला रस्त्यावरून "सेल्वकुमार!" अशी खणखणीत हाक ऐकू येते. मला ते जावईबापू वगैरे म्हणत नाहीत. "श्रीनिवास दत्तात्रय, कॉफी घेणार?" असं पुकारतात. कॉफी घ्यायची की शपथ, असा प्रश्न पडतो.

गेल्या वर्षी प्रसन्ना आणि मेघनाला मुलगा झाला. मेघना नाशिकची, माझ्यासारखीच नोकरीसाठी इथे आलेली. नावाचा प्रश्न निघाला. तिच्या माहेरून कियान, रियान, अयान अशी एकाच गिरणीत दळलेली नावं आली. प्रसन्नानं मोबाइलमध्ये यादी केली. मामा नावांचे एवढे शौकीन, आता घनघोर युद्ध होणार म्हणून मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून वर जायला लागलो. पण मामा गप्प.

बारसं सोयीनं, बाळ दीड महिन्याचं झाल्यावर, रविवारी ठेवलं होतं. दोन दिवस आधी आम्ही सगळे वरच जेवायला होतो. मेघना रसम वाढता वाढता म्हणाली, "नाव ठरलं. भुजंग."

माझा घास हातातच राहिला. एवढासा जीव, अजून मान धरत नाही, आणि नाव भुजंग! "कुठल्या वेबसाइटवर मिळालं गं?" मी विचारलं. टेबलाखालून बायकोची लाथ बसली.

"मामांचं नाव आहे ते," ती दबक्या आवाजात म्हणाली.

इतकी वर्षं त्या दारावरची 'टी. आर. बी. राव' ही पाटी वाचत होतो. टी म्हणजे तंजावर, आर म्हणजे वडील रघुनाथराव, हे मला माहीत होतं. बी म्हणजे कोण, हे विचारावंसं कधी वाटलंच नाही.

मामा ताटावरून अर्धवट उठले. "नको. हें नांव लेकराला देऊं नका."

"पण अप्पा, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीतच आहे," प्रसन्ना म्हणाला. "तुम्हालासुद्धा तुमच्या आजोबांचंच ठेवलंय ना?"

"तेंच सांगतों मी!" मामा पुन्हा खाली बसले. "सासऱ्याचें नांव सून कशी घेईल? आईनें मज कधीं नांवानें हाकारलें नाहीं. 'राजा' म्हणायची. वडिलांनीं तरी आपल्याच बापाचें नांव घेऊन मला ओरडावें कसें? तुझी अम्मा 'ऐकलंत का' म्हणाली, कारखान्यांत टी.आर.बी., भाचरांना मामा. चौऱ्याहत्तर वर्षें झालीं. नांव अजून नवें कोरें आहे, कोणीं वापरलेंच नाहीं. आतां तें ह्याला द्याल, आणि मेघना ह्याला लाडानें 'कण्णा' म्हणेल. पोर जन्मभर इनिशियल होऊन बसेल. नको."

अशा वेळी मला हमखास एखादा विनोद सुचतो. त्या दिवशी सुचला नाही. अलमेलू आणि गजेंद्रवरून ऑफिसात मी किती जणांना हसवलं होतं ते आठवलं आणि फार वाईट वाटलं.

मेघनानं त्यांच्या वाटीत रसम ओतलं. "मी वापरीन, अप्पा."

"तूं? सून असून?"

"हो."

"सरि, बरें, बघूं," मामा म्हणाले. म्हणजे त्यांचा काडीचाही विश्वास बसला नव्हता.

बारशाला हॉल बायकांनी भरला. पाळण्याला मोगऱ्याचे गजरे बांधले होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती वाकली, "कुर्रर्र" म्हणाली, रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत दणादण धपाटे बसले. पण नाव काही बाहेर येईना. दोनदा तोंड उघडून मिटलं. "मामांचं नाव मी कसं घेऊ हो?" ती माझ्याकडे बघून रडवेली झाली. कुणी म्हातारी म्हणाली, "कृष्णा म्हणा, झालें!" दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मामा बसले होते. त्यांनी मान हलवली. असंच होणार हे त्यांना ठाऊकच होतं.

मेघना पुढे झाली. ती पाळण्यावर वाकलीसुद्धा नाही. सरळ उभी राहिली आणि खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली, "भुजंग!"

बाळ ढिम्म झोपलेलं.

"ओ!"

खुर्चीवरून आली होती ती ओ. शाळकरी पोरासारखी, चटकन. मामा स्वतःच दचकले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. एकदोन बायका हसल्या.

मेघना हसली नाही. तिनं पाळण्याची दोरी माझ्या बायकोच्या हातात दिली, खुर्चीकडे वळली, आणि पुन्हा एकदा, आता हळू, तीच हाक मारली.