गवत खाल्लं, खाली सही

कासवाच्या आहाराची जबाबदारी स्वतःकडे घ्यायची असं बाबांनी ठरवलं, तेव्हाच खरं तर कासवाने घर सोडायला हवं होतं. (पण त्याचा वेग बघता फार तर दारातल्या पायपुसण्यापर्यंत पोहोचलं असतं.)

झालं असं, की जनावरांच्या डॉक्टरांनी कासव उचललं आणि त्यांच्या मनगटातून कळ गेली.

"अहो, हे कासव आहे की लोड? मांड्या कवचाबाहेर लोंबताहेत. खायला काय घालता?"

"घरचंच सगळं," बाबा अभिमानाने म्हणाले. "केळी, पाव, बिस्किटं."

"बंद! वाळलेलं गवत, थोडा हिरवा पाला, बस्स. दोन महिन्यांत वजन उतरलं नाही, तर मी याला इथे दवाखान्यातच ठेवून घेणार."

बाबांनी कासव झटकन आपल्याकडे ओढून घेतलं. तीस वर्षं हेडक्लार्की करून निवृत्त झालेल्या या माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा घरात हा एकच जीव होता. ऑफिसचा किस्सा सुरू झाला की आईला गॅसवरचं दूध आठवायचं, आत्याला गुडघा आठवायचा, आणि मुलगी तर सरळ इअरफोनच घालायची. कासव मात्र मान पुढे काढून, डोळे मिचकावत तासन्‌तास ऐकायचं. बाबा त्याला आदराने 'साहेब' म्हणत.

साहेब जाता कामा नयेत! बाबांनी घरातच ऑफिस थाटलं. तीन पाळ्या: सकाळी आई, दुपारी आत्या, संध्याकाळी खुद्द बाबा. प्रत्येकाने मूठभर गवत घालायचं आणि रजिस्टरमध्ये 'संपूर्ण खाल्लं' असं लिहून सही ठोकायची.

"बाबा, मी बघते ना त्याचं," प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी म्हणाली.

"तू लहान आहेस अजून. याला अनुभव लागतो."

पंधरा दिवसांत पानंच्या पानं सह्यांनी भरली. साहेबांचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं.

"गवतातच खोट आहे," असं निदान करून बाबा तडक दुकानात गेले. 'तुमचं गवत फार पौष्टिक आहे,' ही तक्रार त्या दुकानदाराने जन्मात पहिल्यांदा ऐकली.

रविवारी मुलगी सोफ्यावर टेकली आणि ताडकन उठली. गादीतून काहीतरी टोचत होतं. तिने चेन उघडली. आत गवत! मग तिने घरभर झडतीच घेतली. आत्याच्या उशीत गवत, आईच्या रिकाम्या रव्याच्या डब्यात गवत.

"हे काय आहे?"

"अगं, बिचारं तोंड फिरवतं गं गवताकडे बघून," आत्या म्हणाली. "मी आपली केळ्याची चकती देते. माझ्या एका चकतीने काय होतंय? तुझी आई आहेच की कडक."

"मी?" आई उडालीच. "मला वाटलं, वन्सं, तुम्ही कडक आहात! म्हणून मी आपला पाव..."

दोघींनी बाबांकडे पाहिलं. बाबा एकाग्र चित्ताने पंख्याकडे बघत होते.

"सोफ्यातलं कुणाचं, बाबा?"

"एकच बिस्किट द्यायचो गं. म्हटलं, या दोघी नियम पाळताहेतच, तर एकाने जरा..."

"आणि 'संपूर्ण खाल्लं' म्हणून सही?"

"साहेब बिस्किट संपूर्णच खायचे."

त्याच संध्याकाळी सत्तांतर होऊन कारभार मुलीकडे गेला. रजिस्टर रद्दीत गेलं, बिस्किटं कुलपात. साहेबांनी दोन दिवस उपोषण केलं, (आत्याने पाठिंबा म्हणून चहा सोडला, तो अर्धा तास टिकला) आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने गवतात तोंड घातलं.

मुदत संपली. वजनकाट्याकडे बघून डॉक्टरांनी पाठ थोपटली ती मुलीची. पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. साहेब घरी राहणार होते! घरी येताच त्यांनी साहेबांना समोर बसवलं, खुर्ची पुढे ओढली आणि घसा खाकरला.

"तर साहेब, त्या इन्स्पेक्शनच्या दिवशी काय झालं..."

साहेबांनी बाबांकडे एकवार पाहिलं. मग मागचे पाय, पुढचे पाय आणि शेवटी डोकं, सगळं शिस्तीत आत घेतलं.

बाबा हबकले. "अगं, हे... हे असं कधीच करत नव्हते!"

"करणार कसे?" मुलगी म्हणाली. "इतके दिवस डोकं आत मावतच नव्हतं."