हलकं टायर

जावईबापूंनी गाडीचं मागचं डावं टायर बदललं तेव्हा माप तेवढं बघितलं, भार किती झेपेल ते बघितलंच नाही. दुकानदार म्हणालाही, "अहो, हे छोट्या गाडीचं आहे. बाकीच्या तिन्हींएवढं ओझं नाही ओढणार." "आम्ही दोघंच तर बसतो," जावईबापू म्हणाले. स्वस्तात मिळालं की माणसाचे कान बंद होतात, दुसरं काय.

सासरे हॉस्पिटलात होते. एका दुपारी निरोप आला, भेटायचं तर आत्ताच या. बायको चप्पल घालायलाही विसरली. वाटेत मेहुणा चढला, आत्याबाई चढल्या. दोघंही खात्यापित्या घरची. आत्याबाई नेमक्या मागे डावीकडे टेकल्या आणि गाडी त्या अंगाला कलली.

"आत्या, जरा उजवीकडे बसता?"

"का? माझ्या वजनावर बोलताय?"

"छे हो. ऊन लागेल."

"ऊन उजवीकडेच आहे, जावईबापू."

पूल ओलांडला आणि मागून धपधप सुरू झाली. उतरून बघतात तर टायरला लिंबाएवढं टेंगूळ. स्टेपनी केव्हाची पंक्चर होऊन डिकीत पडलेली. जावईबापूंनी खरं काय ते सांगून टाकलं. बायकोने नुसतं घड्याळ बघितलं, तेच त्यांना जास्त लागलं.

"दाजी, बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय आणि तुमची टायरात काटकसर," मेहुणा म्हणाला. "आता ओझं कमी करा. कुणीतरी उतरा."

कोण उतरणार? मेहुणा एकुलता मुलगा, आत्या सख्खी बहीण, बायको तर लेकच. रक्ताच्या नात्यात शेवटचे आणि वजनात पहिले असलेले जावईबापू मुकाट्याने बाजूला झाले. आत्या उजवीकडे सरकल्या, बायको स्टिअरिंगवर बसली आणि गाडी मुंगीच्या पावलांनी निघून गेली.

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. भेट हुकली तर बायको जन्मभर माफ करणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही, हे त्यांना कळत होतं. शेवटी एकदाचा बायकोचा फोन आला.

"पोचलो. बाबा गेले. पण माझ्याशी बोलले, हात धरून बोलले."

जावईबापू दगडावरून उठले. "मी तिथे असायला हवा होतो गं."

"नव्हतात तेच बरं. मी रडतच आत गेले. त्यांनी विचारलं, जावई कुठेत? म्हटलं, वाटेत टायर... पुढे बोलवेचना. त्यांना वाटलं, तुम्हीच गेलात. म्हणाले, मन घट्ट कर पोरी, सोन्यासारखा माणूस होता."

"मी? इतक्या वर्षांत धड दोन शब्द बोलले नाहीत माझ्याशी. आणि तू सांगितलं नाहीस, मी जिवंत आहे म्हणून?"

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"सांगणार होते. पण मग त्यांनी शब्द परत घेतले असते हो."