नारळाच्या पाण्यातला बुडबुडा

मन्मथआप्पांशी माझी ओळख होण्यापूर्वी त्यांची माझ्या सायकलीशी ओळख झाली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पाऊस सलग दोन वर्षे रुसला होता, आणि मी नांदेडहून नव्या कचेरीच्या टँकर विभागात कारकून म्हणून रुजू व्हायला आलो होतो. आवारात शिरतो तोच कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ सायकलीपुढे उकिडवे बसले. बोटाला थुंकी लावून त्यांनी ती मागच्या चाकाच्या व्हॉलवर टेकवली आणि बुडबुडा येतो का, हे डोळे बारीक करून पाहिले.

"हवा जाऊन राहिली. व्हॉलची टोपी कुठं घालवलात?"

"पडली असावी कुठेतरी," मी म्हणालो.

"चाकाचं तोंड उघडं टाकून नांदेडहून आलात. अन् म्हणे एम. ए."

माझे शिक्षण त्यांना मी येण्याआधीच कळले होते. त्यांनी खिशातून एक टोपी काढून बसवली आणि माझे नाव न विचारताच निघून गेले.

आप्पा टँकरच्या चाकांचे काम रोजंदारीवर पाहत. त्यांचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावे: "वांगं घ्यावं देठ बघून, गाडी हाकावी व्हॉल बघून." ड्रायव्हर लोखंडी कांब मारून टायरचा आवाज ऐकत, आप्पांना ते मान्य नव्हते. ते अंगठ्याने व्हॉल हलके वाकवून बुडाशी चीर शोधत, आणि मग थुंकी. टायरवाल्याकडे पाण्याचे घमेले असते. आप्पांनी आपले पालथे घातले होते. "माणसाला प्यायला न्हाई, अन् चाकाला आंघोळ घालू का?" उन्हाने तोंड कोरडे पडले की ते चिंचेचे बुटूक गालात धरत. एका चिंचेत सहा चाके होतात, असा त्यांचा हिशेब होता.

आणखी एक सवय मला उलगडत नसे. पाणी मिळाल्याची सही गावकरी टँकरच्या चिठ्ठीवर करीत. संध्याकाळी चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या की आप्पा टेबलाशी उभे राहत. "चाकूरकडची दाखवा, भाऊसायब." त्यांना वाचता येत नव्हते. तरी ते चिठ्ठी क्षणभर पाहत, मान हलवीत आणि जात.

टँकरांच्या नव्या ताफ्याची पूजा झाली, त्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले होते. चाकूरकडे जाणारा टँकर सर्वांत पुढे होता. पुढच्या चाकाला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार पडला, टायरखाली लिंबू ठेवले गेले. ड्रायव्हर गफूरने गाडी सुरू केली. तेवढ्यात आप्पा आडवे आले.

"हे चाक बघायचं राहिलंय."

"आप्पा, सकाळी काय झोपला होता का?" गफूर खिडकीतून म्हणाला. "टायर कडक हाय. साहेब बघून राहिले."

"सकाळी मांडव घालून चाक झाकलं होतं तुम्ही. उतर खाली."

आप्पांचे बोट सवयीने तोंडाकडे गेले. पुरोहित ओरडले, "पूजलेल्या चाकाला थुंकी लावतोस?" बोट अधांतरी थांबले. आप्पा स्वतः रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांनाही ते पटले.

साहेबांनी घड्याळ पाहिले. "दोन मिनिटं देतो. काही निघालं नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नका."

माझ्या सहीशिवाय टँकर फाटकाबाहेर जात नसे. साहेबांना थांबवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी एवढेच केले, की पेनाचे टोपण काढले नाही.

आप्पांनी इकडेतिकडे पाहिले. मग चाकापाशी फोडलेल्या नारळाची वाटी उचलली. तिच्या तळाशी घोटभर पाणी उरले होते. ते त्यांनी थेंबथेंब व्हॉलच्या बुडाशी सोडले.

काही क्षण काहीच झाले नाही. मग एक बुडबुडा फुगला. फुटला. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला, आणि हळदकुंकवाचा लालपिवळा फेस व्हॉलभोवती चढू लागला. आप्पांनी अंगठ्याने व्हॉल किंचित वाकवले, तशी हवा सुस्कारली.

गफूर खाली उतरून उकिडवा बसला. "भरल्या टँकरला ढाळावर पुढचं चाक बसलं असतं, तर मी तुम्हाला सलाम करायला उरलो नसतो, आप्पा."

साहेब वाकले, फेस पाहिला आणि म्हणाले, "ट्यूब बदला. आणि यापुढे आधी आप्पा, मग पूजा." ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. पुरोहितांनी दुसरा नारळ पुढे केला. मी टोपण काढले. इतकी ठळक सही मी आयुष्यात केली नव्हती.

टँकर तासभर उशिरा सुटला. संध्याकाळी सारे आप्पांचे कौतुक करीत होते, आणि आप्पा माझ्या टेबलाशी उभे होते. चिठ्ठी आली. त्यांची नजर तिसऱ्या ओळीवर थांबली.

"पोचलं पाणी," ते म्हणाले.

"तुम्हाला वाचता येतं?"

"हे एकच नाव. महानंदा. धाकटी बहीण माझी. वाटणीवरून बोलणं तुटलं, त्याला बारा वर्षं झाली." चिठ्ठीवरून नजर न काढता ते म्हणाले, "मीच शाळेत घातली होती तिला. आमचा बाप नको म्हणत होता. मी म्हनलं, माझी बहीण अंगठा न्हाई उठवायची. पाटीवर हेच नाव गिरवायची, मी शेजारी बसून बघायचो."

मी चिठ्ठी त्यांच्या बाजूला सरकवली.

"तुम्ही शिकलेले. अक्षर चांगलं हाय का हो तिचं?"

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," मी म्हणालो. ते खरेच होते.

आप्पांनी थुंकी लावायचे ते बोट धोतराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करून घेतली, आणि मगच त्या नावावर टेकवले.